नट घट्ट होते, तरी स्टड तुटले : अ‍ॅल्युमिनियम डिस्कच्या एका ट्रकचं प्रकरण

गाडी दहा चाकी, तीन एक्सलची. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरायची आणि चाकणला उतरवायची, हा तिचा ठरलेला धंदा. मालकाचं यार्ड निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत. गाड्यांच्या देखभालीचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं, म्हणून हे प्रकरण जवळून बघायला मिळालं.

भरलेली गाडी पुण्याकडे येत होती. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत इंच-इंच पुढे सरकताना ड्रायव्हरमामांना डावीकडून मागून ‘कट्… कट्’ असा आवाज आला. वेगात असताना टायरच्या आवाजात तो दबून गेला असणार. मामा उतरले, वाकून बघितलं, तर मागच्या एक्सलच्या डाव्या जोडचाकाचे दहापैकी तीन स्टड, म्हणजे चाक एक्सलला जखडणारे आट्यांचे बोल्ट, गायब. एकमेकांशेजारचे तीन. नटासकट तुटून वाटेत कुठेतरी पडले होते. मामांनी गाडी कडेला घेतली आणि फोनवर शेठला स्पष्ट सांगितलं, “इथून पुढं मी हलवणार नाही.” पुढे कात्रजचा नवा बोगदा आणि त्यानंतर नवले पुलाचा उतार. त्या उतारावर ट्रकांनी काय काय केलंय ते पुणेकरांना नव्याने सांगायला नको. या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणा निर्णय मामांचाच होता.

गाडीजवळ आल्यावर शेठचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं: “नट ढिले ठेवले असणार मिस्त्रीने.” मिस्त्री तिथेच होता. तो भडकला.

“शेठ, गन लावून टाइट केलेत. वरून पाइप घालून परत बघितलंय. एक नट ढिला निघाला तर मिशी उतरवीन. ही मार्करची रेघ बघा ना, नटावर आणि डिस्कवर सरळ एका ओळीत. कुठं सरकलीय?”

रेघा खरंच सरकल्या नव्हत्या. उरलेल्या सातही नटांवर त्या जागच्या जागी होत्या. म्हणजे नट फिरले नव्हते, तरीही स्टड तुटले होते. या प्रकरणाची गाठ नेमकी इथेच आहे. नट ‘ढिला’ होणं म्हणजे नट उलटा फिरणं, असं आपल्याकडे धरून चालतात. पण नट तसूभर न फिरताही चाकावरची पकड निम्म्याहून कमी होऊ शकते. कशी, ते पुढे येईलच.

आधी गाडीचा पूर्वइतिहास. शेठने थोड्याच दिवसांपूर्वी लोखंडी डिस्क (टायर ज्याच्यावर चढतो तो चाकाचा धातूचा भाग) काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या होत्या. पुढे दोन आणि मागे जोडचाकांच्या बाहेरच्या बाजूला चार, अशा सहा. आतल्या चार डिस्क लोखंडीच ठेवल्या. हेतू दुहेरी होता: वजन आणि रुबाब. वजनाचा मुद्दा खोटा नाही. साडेबावीस इंची अ‍ॅल्युमिनियमची डिस्क लोखंडीपेक्षा साधारण १२ ते १५ किलोंनी हलकी असते. २०१८ मध्ये तीन एक्सलच्या गाडीचं कायदेशीर एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, तरी रिकाम्या गाडीतून वाचवलेला प्रत्येक किलो दर फेरीला मालात भरता येतो. पण फक्त वजनच हवं असतं तर आतल्या डिस्कही बदलल्या असत्या. बाहेरून दिसणाऱ्या तेवढ्याच बदलल्या, यातच रुबाबाचा हिशेब कळतो. आणि नव्या चकचकीत डिस्कशेजारी आतल्या गंजक्या डिस्क शोभत नाहीत, म्हणून त्या चार डिस्कला बाहेरच्या एका रंगाऱ्याकडून मस्त जाड रंग मारून घेतला होता. प्रेमाने मारलेला, दोन-तीन हातांचा.

गाडी रिकामी करून, जॅक लावून, मागचं डावं चाक उघडायला घेतलं. पहिला संशय स्टडच्या लांबीवर. लोखंडी डिस्क स्टडच्या जागी साधारण ११-१२ मिलिमीटर जाड असते, अ‍ॅल्युमिनियमची जवळपास तिच्या दुप्पट. कंपनीचे मूळ स्टड दोन लोखंडी डिस्कच्या मापाचे. त्यांच्यावरच अ‍ॅल्युमिनियम चढवली तर नटाला आटे पुरत नाहीत; नट चार-पाच आट्यांवर लटकतो आणि वरून बघणाऱ्याला तो घट्टच वाटतो. डिस्क बदलण्याच्या हौसेत सर्वांत जास्त फसगत इथे होते. या गाडीवर मात्र स्टड लांब मापाचे टाकले होते, नटाच्या बाहेर आटे दिसत होते. म्हणजे हा संशय बाद.

दुसरा संशय नटांच्या प्रकारावर. आजकालच्या बहुतेक अवजड गाड्यांची चाकं हबवर, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या फिरत्या भागावर, बसतात: हबला उंचवटे असतात, डिस्कचं मधलं भोक त्यांच्यावर बसतं आणि चाक मध्यावर राहतं. तिथे नटाचं काम फक्त दाबून धरण्याचं. अशा चाकाला सपाट तळाचा, फिरत्या वॉशरचा दोन भागांचा नट लागतो. जुन्या पद्धतीच्या चाकात गोलाकार किंवा निमुळत्या तळाचा नटच चाक मध्यावर आणतो. दोन्ही पद्धतींचे नट एकमेकांना चालत नाहीत. इथे नट बरोबर जातीचे होते, पण जुनेच परत लावलेले. हातात घेऊन वॉशर फिरवला तर निम्मे फिरतच नव्हते, गंजाने आणि रंगाने जाम. याची नोंद करून पुढे गेलो.

उरलेले नट काढण्याआधी टॉर्क पान्याने (नटाला किती पीळ दिला, म्हणजे किती टॉर्क लावला, ते मोजणारा पाना), घट्ट करण्याच्या दिशेनेच, एकेक तपासला. नट जिथे हलायला लागतो तो आकडा बघायचा. तुटलेल्या स्टडच्या दोन्ही बाजूंचे नट ३०० न्यूटन-मीटरलाही पोचले नाहीत, आधीच फिरले. याउलट समोरच्या बाजूचा एक नट पान्याच्या शेवटच्या आकड्यापर्यंत, ७५० पर्यंत, जागचा हलला नाही. मिस्त्रीचा चेहरा उजळला. पण तोच नट काढताना असा किंचाळला की समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. बाहेर आला तेव्हा वॉशर नटाला चिकटलेला आणि स्टडचे आटे सोलून निघालेले. तो नट जाम होता. जाम नटाने चाक धरलेलं असतंच असं नाही.

मग चाकं उतरवली आणि खरी गोष्ट दिसली. हबमध्ये राहिलेल्या तीन तुटक्या स्टडची तोंडं भिंगाखाली बघितली. एकाचं तोंड पूर्ण तांबूस, गंजलेलं. दुसऱ्याचं निम्मं गंजलेलं, निम्मं ताजं. तिसरं जवळपास सगळं राखाडी, चमकतं, रवाळ. पहिल्या दोघांवर एका कडेपासून सरकत गेलेल्या बारीक वक्र रेषा होत्या, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर वलयं असतात तशा. स्टड एका झटक्यात तुटला की असं तोंड दिसत नाही. हे थकव्याचं तुटणं: चाकाच्या दर फेऱ्यात स्टड थोडा वाकतो, सरळ होतो, आणि चीर रोज पुढे सरकते. पहिला स्टड बऱ्याच आधी गेला होता. त्याचा भार शेजाऱ्यावर आला, मग तो गेला, आणि तिसरा बहुधा त्याच फेरीत. म्हणूनच एक स्टड तुटलेला दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदलायचे, आणि दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच बदलायचे, असा नियम आहे. “बाकीचे सात चांगलेत की,” हे शेठचं म्हणणं त्यामुळे ऐकून घेतलं नाही.

आता स्टड का वाकतो? पकड पुरेशी असेल तर दोन्ही डिस्क आणि ब्रेकचा ड्रम एकमेकांवर इतके दाबले जातात की गाडीचा भार त्यांच्यातल्या घर्षणावरच पेलला जातो, स्टडला आडवा धक्का बसतच नाही. पकड कमी झाली की डिस्क केसभर सरकायला लागते आणि स्टडवर घाव पडायला लागतात. अ‍ॅल्युमिनियम डिस्कच्या भोकांमध्ये बोट फिरवलं तर तीन-चार ठिकाणी आतल्या कडेवर आट्यांचे ठसे हाताला लागत होते. सरकण्याचा याहून पक्का पुरावा नको.

पकड कुठे गेली, त्याचं उत्तर आतल्या लोखंडी डिस्कवर होतं. तिचा दोन्ही बाजूंचा रंग जिथे दाबला गेला होता तिथे चेपून, कडेला सुरकुत्या पडून बाहेर आलेला. काही ठिकाणी पोपडे सुटून पीठ झालेलं. स्टडच्या भोकांभोवती रंग आता नावालाच होता. त्याच्या मागे ड्रमवर जुन्या गंजाचे खवले, तेही भुगा झालेले.

इथे थोडं गणित करतो, कारण त्याशिवाय हा रंग किती महाग पडला ते कळत नाही. स्टड २२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं. अशा दहा स्टडच्या हबवर बसणाऱ्या चाकाला सर्वसाधारण टॉर्क ६१० ते ६८० न्यूटन-मीटर, म्हणजे जुन्या मापात ६२ ते ६९ किलो-मीटर. (तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.) आटे स्वच्छ आणि तेल लावलेले असतील तर ६५० ला एका स्टडमध्ये हिशेबाने सुमारे २० टनांचा ताण येतो. त्या ताणाने स्टड लांबतो. किती? आवळलेली एकूण जाडी ५० मिलिमीटरच्या आसपास धरली तर ०.१४-०.१५ मिलिमीटर. बस्स. चाकाची सगळी पकड या एवढ्याशा ताणात साठवलेली असते.

आता आतल्या डिस्कच्या दोन बाजूंचा ताजा, मऊ रंग आणि ड्रमवरचा गंज धरा. भार आणि ब्रेकची उष्णता यांनी तो दबला आणि सगळा मिळून ०.१ मिलिमीटर जरी बसला, तरी स्टडचा दोन-तृतीयांश ताण गेला. नट एक अंशही फिरला नाही. मार्करची रेघ तशीच. मिस्त्रीची मिशीही शाबूत. म्हणूनच डिस्क एकमेकींना टेकतात त्या जागी रंगाचा थर ७५ मायक्रॉनच्या (०.०७५ मिलिमीटरच्या) वर नको असं सांगतात. मी तर म्हणेन तिथे ब्रश नेऊच नका. नटांवर लावायचे रंगीत प्लॅस्टिकचे काटे हल्ली बऱ्याच गाड्यांवर दिसतात. ते चांगले आहेत, पण नट फिरला तरच ते बोलतात. या गाडीवर ते असते तरी शेवटपर्यंत गप्प राहिले असते.

मिस्त्रीच्या गनकडे, म्हणजे हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या यंत्राकडे, वळू. एक इंची गन हजार न्यूटन-मीटरच्या पुढे सहज जाते, पण किती गेली ते कोणालाच कळत नाही. यार्डातल्या कॉम्प्रेसरचा दाब, नळीची लांबी, बोट ट्रिगरवर किती वेळ राहिलं, सगळ्यावर ते अवलंबून. पाइप घालून उभं राहणं हीही तीच कथा: ८० किलोंचा माणूस सव्वा मीटरच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी हजाराच्या जवळ, आणि उडी मारली तर देव जाणे. शिवाय लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे ९० टक्के घर्षणातच जातो; स्टड ताणायला दहा टक्केच उरतात. आटे गंजलेले, वॉशर जाम असेल तर त्याच ६५० ला २० टनांऐवजी दहा टन मिळतील. दुसऱ्या टोकाला, तेलकट स्टडवर गन सैल सोडली तर स्टड कायमचा ताणला जाऊन पिचतो. या एकाच चाकावर दोन्ही टोकांचे नमुने सापडले.

“तेल लावलं तर नट सुटतो,” हे मिस्त्रीचं ठाम मत. त्याच्या वस्तादाने शिकवलेलं, आणि निमुळत्या तळाच्या जुन्या चाकांसाठी बरोबरच होतं. तिथे आटे कोरडेच ठेवायचे असतात. हबवर बसणाऱ्या चाकाला मात्र स्टडच्या टोकाच्या आट्यांवर इंजिन ऑइलचे दोन थेंब आणि नट-वॉशरच्या फटीत एक थेंब, एवढं हवं. डिस्कच्या टेकणाऱ्या तोंडावर तेल किंवा ग्रीस अजिबात नाही. तिथे घर्षणच हवं आहे. हबच्या उंचवट्यांवर गंजरोधक वंगणाचा पातळ हात चालतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला तो हवाच, कारण लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वेळी डिस्क घणाशिवाय सुटत नाही.

दुरुस्तीत काय केलं ते थोडक्यात. त्या चाकाचे दहाही स्टड आणि नट नवे. भोकांत ठसे पडलेली अ‍ॅल्युमिनियमची डिस्क भंगारात. शेठने वेल्डिंगचं विचारलं, त्याला सरळ नाही म्हटलं, कारण तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद परत येत नाही. आतल्या चारही लोखंडी डिस्कचा टेकणाऱ्या जागेचा रंग पत्रा दिसेपर्यंत काढला, ड्रम वायर ब्रशने घासले. मागची बाकीची तीन जोडचाकंही उघडली. रंग तिथेही तसाच चेपला होता, नटही हलकेच हलत होते, पण स्टड अजून शाबूत होते. डावंच चाक आधी का गेलं, याला योगायोग म्हणता येईल. पण ब्रिटनमध्येही, जिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, सुटणाऱ्या चाकांत मागच्या डाव्या बाजूचं प्रमाण जास्त आढळलं आहे. दोन्ही बाजूंना सरळ आटे असले की डावीकडच्या चाकाच्या फिरण्याची दिशा नट सोडवण्याच्या बाजूची पडते.

बसवताना मिस्त्रीलाच पुढे केलं. चाक उचललेलं असतानाच हबचा एक उंचवटा बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणायचा, म्हणजे चाक त्याच्यावर बसून मध्यावर राहतं. दहाही नट हाताने शेवटपर्यंत फिरवायचे. हाताने जात नसेल तो नट किंवा स्टड खराब. मग ७० न्यूटन-मीटरच्या आसपास हलका टॉर्क, वरचा नट, मग त्याच्या समोरचा खालचा, मग आडवे, असं समोरासमोर जात. डिस्क सगळीकडून टेकली याची खात्री झाल्यावर त्याच क्रमाने ६५० पर्यंत. घड्याळासारखं गोल फिरत घट्ट केलं तर डिस्क एका बाजूला आधी टेकते आणि समोरचा नट खोटा घट्ट लागतो. गनला फक्त नट पळवण्यापुरतं काम. शेवटचा आकडा पान्याचाच. हा पानाही वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आणायचा आणि काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवायची. मिस्त्रीने पहिला ‘टक्’ ऐकला तेव्हा म्हणाला, “एवढंच? मी तर याच्या दुप्पट आवळतो.” त्याचं खरंच होतं.

राहिला फेरतपासणीचा प्रश्न, आणि माझ्या मते या गाडीला वाचवणारी खरी संधी तीच होती. कितीही स्वच्छ केलं तरी नवं बसवलेलं चाक थोडं बसतंच. म्हणून ८० ते १६० किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला घ्यायचे. रंग चेपला असता तरी त्या वेळी आकडा लगेच बोलला असता. निगडीहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीसाठी हे अंतर सोयीचं पडतं: साताऱ्याच्या आसपास थांबायचं, म्हणजे सव्वाशे किलोमीटर होतात. पण खंबाटकी उतरून लगेच पाना लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तापलेल्या चाकावर पकड जास्त भासते आणि तपासणी फसवी निघते. चहा-नाश्ता करून, हबला हात लावता येईल इतकं गार झाल्यावर बघायचं. मामांना हे लगेच पटलं, विशेषतः नाश्त्याचा भाग.

अडचण रात्रीच्या पंक्चरची. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे गनच असते, टॉर्क पाना क्वचितच. यावर तोडगा असा ठरला की डिस्कची तोंडं पुसून घ्यायची, नट मामांनी स्वतः समोरासमोर हाताने लावायचे, पंक्चरवाल्याने गन थोडीच मारायची, मग गाडीतला लांब पाना एकाच माणसाच्या जोराने, आणि पुढे यार्ड येईपर्यंत वेग कमी. यार्डात आल्यावर सगळे नट पूर्ण सोडून परत टॉर्कला. गाडीतच ७५० चा पाना ठेवला तर प्रश्नच मिटतो, पण तो सव्वा मीटर लांब, केबिनमध्ये झोपायच्या फळीखाली मावत नाही, आणि शेठला तो चोरीला जाईल ही भीती. कोल्हापूरच्या टोकाला एक पाना ओळखीच्या गॅरेजात ठेवायचा, असं मी सुचवलंय. शेठने किंमत विचारली, “बघू” म्हणाले. तूर्तास साताऱ्याच्या थांब्यासाठी निगडीचाच पाना गोणपाटात गुंडाळून केबिनच्या मागे बांधून नेतात, आणि तो गेला की यार्डातली बाकीची चाकं परत येईपर्यंत थांबून राहतात.